तुला समजावता येतं, तीच पहिली अडचण

पत्र :

मावशी, नमस्कार. मी ३७ वर्षांची, बी.कॉम., नागपुरात मानेवाड्याला राहते. १४ वर्षांपासून एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर आहे. थकीत कर्जदारांच्या घरी जावं लागतं, त्यामुळे घराघरातली भांडणं रोज पाहते. जामीनदार भाऊ कर्जदार भावाशी बोलत नाही, सून म्हणते ही सही माझी नाहीच, असलं सगळं. मला ते मिटवता येतं. साहेबही म्हणतात, ‘मॅडमला पाठवा, त्या बरोबर समजावतात.’ मागच्या वर्षी दिघोरीच्या दोन भावांना समोरासमोर बसवून मी त्यांचं मिटवलं, हप्ताही सुरू झाला. तेव्हापासून डोक्यात आहे की फॅमिली काउन्सेलर व्हावं. मोबाइलवर एक जाहिरात आली आहे. १२ रविवार ऑनलाइन, ३८ हजार रुपये, ‘सर्टिफाइड फॅमिली काउन्सेलर’. एक मैत्रीण म्हणते एम.ए. सायकॉलॉजी कर, दुसरी म्हणते एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये असतात, त्यांची हरकत नाही. मुलगा आठवीत आहे. आता या वयात जमेल का? काय करू?

ता. क. माझी नणंद वर्षभरापासून माहेरी, म्हणजे आमच्याच घरी, खाली सासूबाईंजवळ आहे. तिच्या नवऱ्याला बोलावून, दोघांना बसवून मी समजावून पाहिलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. हे मात्र मला कळलं नाही.

– ‘समजूतदार’, मानेवाडा

उत्तर :

मावशी म्हटलंस म्हणून एकेरीवर येते. पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात उत्तर सोपं वाटलं : जाहिरात सोड, रीतसर पदवी घे. दुसऱ्या वाचनात ता. क. पाशी अडकले. माणसं अशीच बोलतात. समुपदेशनाला आलेली माणसं माझ्यासमोर तासभर पगाराचं, पोरांच्या शाळेचं, सासऱ्यांच्या खोकल्याचं सांगायची आणि निघताना एक पाय चपलेत घालून म्हणायची, ‘मॅडम, अजून एक होतं…’ त्या ‘अजून एक’साठीच ती आलेली असायची. तुझी नणंद तुझ्या पत्रात तशी आली आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करते.

दिघोरीच्या भावांचं तू मिटवलंस, ते छानच केलंस. पण ते का मिटलं ते पाहा. तू तिथे पतसंस्थेची माणूस म्हणून गेली होतीस. तुझी बाजू कोणती हे दोघांनाही ठाऊक होतं : हप्ता यायला पाहिजे. त्यांनाही जप्तीची नोटीस नको होती. तिघांना पाहिजे ते एकच होतं, आणि तुझ्या बोलण्यात गोडवा आहे. जमून गेलं.

नणंदेच्या वेळी तू कोण होतीस? तिची वहिनी. तिच्या नवऱ्याच्या लेखी तिच्या माहेरची. सासूबाईंच्या लेखी सून, आणि त्या नक्कीच स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत असतील. शिवाय ज्या घरात तू राहतेस त्याच घरात ती परत आली आहे. तिथे तू काय बोललीस ते पत्रात नाही, पण मी नागपुरात जन्म काढला आहे, त्यामुळे अंदाज करू शकते. ‘जाऊ दे ना वं, थोडं तू घे, थोडं ते घेतील. संसार म्हटलं की होतेच असं.’ शब्द थोडे इकडचे-तिकडचे असतील. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिने काय ऐकलं असेल? वहिनीलाही मी या घरात नको आहे. हा अंदाज चुकलाही असेल. खरं काय ते तिलाच ठाऊक, आणि तिला कोणी विचारलेलं दिसत नाही.

मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने कुटुंबातल्या या खेळाला ‘त्रिकोण’ म्हटलं. दोघांमधला ताण वाढला की ते तिसऱ्याला ओढून घेतात. तिसरा आला की दोघांना थोडं हलकं वाटतं, पण मूळ ताण तिथेच राहतो आणि तिसरा मात्र अडकतो. प्रशिक्षणात हा त्रिकोण अर्ध्या तासाच्या व्याख्यानात शिकवतात. आपण स्वतः कोणत्या त्रिकोणात बसलो आहोत ते दिसायला मला दीड वर्ष लागलं.

ते कसं दिसलं ते सांगते. मी एम.एस.डब्ल्यू.ला होते. आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क. प्रत्येक भेटीनंतर प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं, म्हणजे तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, ती काय म्हणाली, आठवेल तसं शब्दाला शब्द. नंतर फिल्डवर्क बघणाऱ्या मॅडमसोबत आयसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगवर एकटीने बसून चर्चा. इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स म्हणायला कोणाला वेळ असतो, आम्ही सगळे आयसीच म्हणायचो. माझ्याकडे एक जोडपं होतं. नवरा गिरणीत. बायकोची तक्रार, ‘हे घरी बोलतच नाहीत, दगडासारखे बसून राहतात.’ मी पाऊण तास त्याला समजावलं. बायकोशी कसं बोलावं, कामावरून आल्यावर दोन शब्द विचारावे, तिला किती बरं वाटेल. तो मान डोलावत होता. भारी खूश होऊन मी ११ पानं लिहिली.

मॅडमनी लाल पेन काढला. पानं तपासतील असं वाटलं, तर त्या समासात रेघा मारत बसल्या. नवऱ्याच्या वाक्याला एक रेघ, माझ्या वाक्याला एक. मग वही माझ्याकडे फिरवली. ‘मोज.’ त्याची तीन वाक्यं होती. त्यातलं एक ‘हो मॅडम’. माझी ४१. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आधी त्याच्यासमोर एक बाई बोलत होती, आता दोन बोलून राहिल्या. तो तिकडेही गप्प, इकडेही गप्प. तू नेमकं बदललं काय?’

ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढच्या भेटीत ठरवलं, बोलायचंच नाही. साडेचार मिनिटं कोणीच काही बोललं नाही. कूलरचा आवाज तेवढा. माझे तळवे घामाने भिजले. मग तो माणूस म्हणाला, ‘मले बोलता येते. पण मी बोललो का हे रडते, न मंग माह्या मायचं आठवते मले.’ त्याची आई कशी गेली ते त्या दिवशी बायकोलाही पहिल्यांदा कळलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

हे सगळं तुला का सांगतेय? तुझ्यापाशी जे आहे, गोड बोलणं, दोन बाजू चटकन पकडणं, तोडगा सुचणं, त्याने तू चांगली मध्यस्थ आहेस. पण चांगलं प्रशिक्षण आधी त्यालाच लगाम घालतं. तुला काही महिने आपण बिनकामाच्या झालो असं वाटेल. ज्या कोर्समध्ये असं वाटण्याची सोयच नाही, तो कोर्स तुला आहे त्याच ठिकाणी ठेवेल, वर भिंतीला एक फ्रेम.

म्हणून ३८ हजारवाल्यांना एकच प्रश्न विचार : माझं काम कोण बघणार? मी खऱ्या कुटुंबासमोर बसेन तेव्हा नंतर माझं रेकॉर्डिंग वाचून, किंवा काचेमागे बसून, माझी चूक सांगणारं माणूस कोण, किती तास, आणि त्याचं स्वतःचं शिक्षण काय? ‘मॅडम, आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप देतो’ असं उत्तर आलं तर फोन ठेव. तुलना म्हणून सांगते. अमेरिकेत कौटुंबिक थेरपिस्टला राज्याचा परवाना लागतो. एकट्या कॅलिफोर्नियात त्यासाठी मास्टर्स आणि वर ३,००० तास कोणाच्या तरी देखरेखीखाली काम, मगच परीक्षा. आपल्याकडे ‘फॅमिली काउन्सेलर’ या नावाचा असा वेगळा परवाना नाही. त्यामुळेच कोणीही पाटी लावतं, आणि त्यामुळेच तुला जास्त काळजी घ्यावी लागेल.

आता एम.ए. की एम.एस.डब्ल्यू.? तुझ्या हेतूला मी एम.एस.डब्ल्यू.कडे झुकते, आणि मी स्वतः त्यातलीच असल्याने हा कौल थोडा एकांगी समज. दोन वर्षं, चार सेमिस्टर, बी.कॉम.वाल्यांनाही दार उघडं. फिल्डवर्क अभ्यासक्रमाचाच भाग असतो, त्याचे गुण असतात, ते चुकवता येत नाही. नागपुरात यासाठी लांब जायची गरज नाही. कमलाताई होस्पेटांनी १९२१मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाचं बजाजनगरला समाजकार्य महाविद्यालय आहे, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. जाऊन ऑफिसात प्रॉस्पेक्टस घे, पण त्याच्यावर ठरवू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली कँटीनला गाठ, चहा पाज आणि विचार : आयसी दर आठवड्याला होते का, की सेमिस्टरच्या शेवटी सगळ्या सह्या एकदम होतात? फिल्डवर्कला कुठे पाठवतात? मनोरुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेजचा समाजसेवा विभाग, कुटुंब सल्ला केंद्र असं काही ऐकू आलं तर बरं. नुसतं ‘सर्वे करायला’ म्हणाल्या तर दुसरं कॉलेज बघ.

एम.ए. सायकॉलॉजी वाईट नाही. माणसाचं मन, चाचण्या, आजार हे सगळं तिथे जास्त खोलात मिळतं. पण प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, कसा आहे ते नीट पाहावं लागतं, आणि काही ठिकाणी बी.ए.ला मानसशास्त्र होतं का तेही विचारतात. नोकरी सांभाळून दूरस्थ एम.ए. करू असं मनात असेल तर थांब. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं आहे. त्याचं मूळ २०२१च्या एका केंद्रीय कायद्यात आहे. आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठी तो केला, आणि त्यात मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय व मनोरुग्ण-सेवेतले समाजकार्यकर्ते, काही प्रकारचे समुपदेशक असे सगळे येतात. म्हणून जी पदवी घेशील ती नियमित, वर्गात बसून घेतलेलीच घे. कोणी ‘आमचं चालते मॅडम, काही होत नाही’ म्हटलं तर ते कागदावर लिहून माग.

आणखी एक. यातल्या कोणत्याही पदवीने तू ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ होत नाहीस. त्याला वेगळं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पाटीवर ते लिहू नकोस, कोणी तसं म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त कर. समोरच्या बाईला तीन महिने झोप नाही, जेवण नाही, मरणाची भाषा बोलते, तर तिला मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभागात नेणं हेच तुझं काम. रात्री-बेरात्री असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये असू दे.

काम कुठे मिळेल? कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. १९८४च्या कायद्यानेच त्यांची सोय केली, आणि दावा ऐकण्याआधी समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयावर बंधनकारक केलं. त्या पदांना समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि प्रत्यक्ष अनुभव मागतात, म्हणजे पास झाल्या-झाल्या तिथे जाता येत नाही. पोलिसांकडे महिला-बालकांसाठीचा विशेष कक्ष आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबईत सुरू केला, नंतर राज्यभर पोचला. नागपुरात पोलिसांचा भरोसा सेल आहे. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात. संस्था चालवतात ती सल्ला केंद्रं आहेत. पगार मात्र आधीच विचारून घे. पहिली दोन-तीन वर्षं पतसंस्थेइतकं मिळेल असं धरून घराचं बजेट लावू नकोस. मिस्टरांची ‘हरकत नाही’ ही या आकड्यावरची आहे का, ते एकदा विचार. ‘हरकत नाही’ पुष्कळदा हिशेब न केल्याची असते.

आता परत नणंदेकडे, कारण एक गोष्ट मागे राहिली आणि ती सगळ्यात गंभीर आहे. दोघांना समोरासमोर बसवण्याआधी तू तिला एकटीला विचारलं होतंस का, की तो हात उचलतो का? तिच्या हातात पैसे देतो का? रात्री तिच्या मनाविरुद्ध…? विचारलं नसशील तर मी तुला दोष देत नाही, आपल्या घरात हे विचारायची रीतच नाही. पण जिथे मारहाण आहे तिथे नवऱ्याला शेजारी बसवून ‘मोकळेपणाने बोल’ म्हणणं म्हणजे तिला त्याच्या तोंडी देणं. ती खरं बोलली तर पुढचा मार तिलाच, गप्प राहिली तर ‘बघा, हिचं काही म्हणणंच नाही’. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली २००६मध्ये जे नियम आले, त्यात समुपदेशकासाठी हे स्पष्ट आहे : नवऱ्याने त्या हिंसेचं समर्थन बैठकीत मांडायचं नाही, आणि समुपदेशनाचा रोख हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी घेण्यावर ठेवायचा. ‘तिने जबान चालवली म्हणून’ हे वाक्य त्या खोलीत चालत नाही. आपल्या बैठकीत ते पहिल्या दोन मिनिटांत येतं, आणि सगळे मान डोलावतात.

माझ्या हातून हे एकदा झालं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात एक समेट घडवला, पेढे वाटले, त्या बाईला तिच्या नवऱ्याच्या स्कूटरवर बसवून पाठवलं. १६ दिवसांनी ती परत आली तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. ती मला काही बोलली नाही. बाकावर बसली आणि दुसऱ्या मॅडम कधी येतात ते विचारलं. त्यानंतर मी ‘समेट’ हा शब्द रजिस्टरात लिहिताना दर वेळी थांबत आले.

आता तिच्याशी काय बोलायचं? समजवायला जाऊ नकोस. कोर्स करतेय हेही सांगू नकोस, तिला वाटेल तिची केस झाली. ‘त्या दिवशी मी तुला न विचारता त्यांना बोलावलं, ते चुकलं माझं,’ एवढंच म्हण आणि खाली बस. सासूबाई भाजीला गेल्या असतील अशी वेळ बघ. ती काही बोलली नाही तर उठून ये, दुसऱ्या दिवशी तोच विषय काढू नकोस. मारहाणीचं निघालं तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, भरोसा सेल आहे, २००५च्या त्याच कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आहेत. तिथे तिला घेऊन जा, पण तिथे तू वहिनी म्हणून जा, बाहेरच्या बाकावर बस.

प्रवेशाआधी एक काम मात्र करून बघ, पैसे लागत नाहीत. एका मोठ्या कागदावर तुझ्या माहेरच्या तीन पिढ्या काढ. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्याला त्यावर फुली. लग्नाला आडवी रेघ, ज्यांचं पटत नाही त्यांच्यात नागमोडी, ज्यांनी बोलणं टाकलं त्यांच्यात तुटलेली. याला जेनोग्राम म्हणतात, कुटुंबावर काम करणारे सगळे हे करतात. मग शोध : या कागदावर मध्यस्थी कोण करत होतं? तू सही ‘समजूतदार’ अशी केली आहेस. हे नाव तुला कोणी दिलं, किती वर्षांची असताना, आणि त्या वेळी घरात कोणाचं भांडण चालू होतं? मी पैज लावत नाही, पण उत्तर बहुतेक दहाव्या वर्षाच्या आसपास सापडेल.

दूरच्या नावांनी घाबरू नकोस. घरच्यांना उपचारात सामील करून घेण्याचं काम आपल्या देशात जुनं आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावायचे आणि त्यांच्याशीच बोलायचे. घरच्या माणसांशी बोलायची सवय तुला आहे, उन्हातान्हात दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहायचीही. वर्गातल्या २२ वर्षांच्या पोरींना तेच सगळ्यात जड जातं.

वय विचारलं होतंस. ३९व्या वर्षी पास होशील. माझ्या वर्गात सगळ्यात मोठी ४४ची होती. दोन मुलांची आई, डबा आणायची आणि आम्ही तो संपवायचो. अडचण वयाची नाही, नोकरीची आहे. नियमित कोर्स आणि वसुलीचं टेबल एकत्र चालत नाही. साहेबांकडे बिनपगारी रजेचं विचार, राजीनामा शेवटी. तेवढं होईपर्यंत एखाद्या सल्ला केंद्रात सुट्टीच्या शनिवारी जाऊन नुसती बसायला मिळतं का बघ, पाणी देण्याचं, रजिस्टर भरण्याचं काम दिलं तरी कर. सहा महिने ऐकूनही तोंडून ‘जाऊ दे ना वं’ निघालं नाही तर अर्ज भर.

आणि बी.कॉम.ची मार्कशीट, टीसी आजच शोधून ठेव. दुसऱ्या विद्यापीठाची असलीस तर मायग्रेशनही लागेल. १५ वर्षांपूर्वीचे कागद कपाटाच्या वरच्या खणातून काढायला उन्हाळ्यात चढू नकोस, घामाने शाई पसरते. माझी पसरली होती.